साठ दिवसांत नकाशा पाठवावा

कालासिल्वा, १४ जानेवारी २०१३

प्रिय अंतिओकोदादा,

माझे बाबा, तुझे काका, गेले त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. चार वर्षं झाली. रागावला असशील तर रागाव, पण पुढचं वाच. काम आहे.

इथे सगळं बेट करमुक्त क्षेत्राने झपाटलंय. आपल्या गावात दोन हजार सहाशे मतदार, त्यातल्या एकोणीसशे जणांनी मागणीवर सह्या केल्यात. मी स्वतः दारोदार फिरले. ज्या घरांत 'आपलं बेट' पक्षाचं नाव काढलं की दार लावायचे, तिथे मला बसवून कॉफी पाजली. बाबांच्या जागी आता शाखेची प्रमुख मीच आहे, हे तुला माहीत असेलच. आमचे जिल्ह्याचे नेते लुसोरिओ देइयाना म्हणतात की सगळं सार्डिनियाच करमुक्त करून घ्यायचं. पेट्रोल निम्म्या भावात, मालावर कर नाही, बंद पडलेले कारखाने सुरू. लोक ऐकतात आणि त्यांचे चेहरे उजळतात. मीही त्यांच्यातलीच एक.

माझा स्वार्थही सांगून टाकते. माझी गाभोळीची शेड चालू आहे, सात बायका कामाला आहेत. इथल्या खाजणातला मासा पुरत नाही, म्हणून निम्मी गाभोळी गोठवलेली, मॉरिटानियाहून येते. ती मिठात घालून, फळीखाली दाबून, वाळवून आम्ही जपानला पाठवतो. येताना जकात भरायची, मग माल परदेशी गेला की परताव्यासाठी वर्षभर अर्ज करत बसायचं. करमुक्त क्षेत्र झालं तर हे सगळं टळेल.

तू छत्तीस वर्षं कस्टममध्ये काढलीस. आमच्या प्रस्तावाचा कायद्याचा भाग तू लिहून दे. बाकीचं भाषण माझ्याकडे तयार आहे. सुरुवात बाबांच्या अर्जापासूनच करणार आहे. पंधरा वर्षांपूर्वी नगराध्यक्ष असताना त्यांनी मिठागराच्या गोदामांसाठी करमुक्त जागा मागितली आणि रोमने तो अर्ज केराच्या टोपलीत टाकला. इथल्या शाळेतल्या पोरांनाही हे पाठ आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हुंकार भरतोस. लिही.

तुझी गवीना

&nbsp;

जेनोआ, २७ जानेवारी २०१३

प्रिय गवीना,

पत्र मिळालं. अक्षर काकांसारखंच आहे, ओळी वर चढत जातात.

आधी पेट्रोलचं बघू. सगळं बेट जकातीच्या रेषेबाहेर काढलं, तर बेटावरून इकडे येणारी प्रत्येक वस्तू परदेशी ठरेल. मेंढपाळाचं चीज जेनोआच्या धक्क्यावर उतरलं की माझ्यासारखा एखादा खडूस माणूस ते अडवेल आणि कागद मागेल. सुट्टीला आलेल्या मावशीच्या पिशवीतली गाभोळीसुद्धा तपासेल. तुमच्या देइयानासाहेबांनी हे सांगितलंय का लोकांना? आणि पेट्रोलवरचा कर हा जकातीचा भागच नाही. तो तसाच राहील.

होऊ शकतं ते एवढंच: बंदरालगत आखून घेतलेली जागा, भोवती कुंपण, एक फाटक, फाटकावर कस्टमचा माणूस. बाहेरून आलेला माल आत ठेवा, त्यावर काम करा, परदेशी पाठवा, जकात नाही. तोच माल इथे विकायला बाहेर काढलात तर त्या दिवशी भरा. एवढंच. पण 'एवढंच' म्हणजे थोडं नाही. मिठागराच्या आठ गोदामांत व्यवस्थित चाललं तर शंभर माणसांना काम मिळेल. तुझं परताव्याचं दुखणंही जाईल. हा मसुदा मी आनंदाने लिहीन.

जुन्या अर्जाचं मात्र भाषणात काढू नकोस. मला त्याबद्दल फारसं आठवत नाही. जुनी कागदपत्रं उकरून काही हाती लागत नाही. पुढचं बोल.

तुझा अंतिओको

&nbsp;

कालासिल्वा, ९ फेब्रुवारी २०१३

दादा,

तू पक्का मुख्य भूमीवरचा झालास. तुझं पत्र मी देइयानांना वाचून दाखवलं. ते शेडमध्ये आले होते, कोट सांभाळत, मिठापासून दूर उभे राहून. म्हणाले, "बाई, तुमचे भाऊ म्हणतात ते कायद्याने बरोबर असेल. पण कुंपण आणि फाटक यावर कोणी मत देतं का? लोकांना अख्खं बेट द्या."

मी म्हटलं, "आणि अख्खं बेट मिळालं नाही तर?"

"तर रोमने दिलं नाही म्हणायचं. तुमचे वडील तेच म्हणायचे ना?"

हे बोलताना ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं.

तू लिहितोस, फारसं आठवत नाही. दादा, बाबांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा जेवताना तू १९७९ सालच्या कॉफीच्या एका पेटीची हकिकत सांगितलीस. पेटीला कुठल्या रंगाची दोरी होती, तेही सांगितलंस. तुला विसरायला होत नाही, हे सगळ्या मुर्तास घराण्याला माहीत आहे. १९९८ साली तू रोमच्या कचेरीत होतास. मग आपल्याच गावचा, तुझ्याच काकांचा अर्ज तुला आठवत नाही?

मला लहान समजू नकोस. मी चोपन्न वर्षांची आहे.

गवीना

&nbsp;

जेनोआ, ३ मार्च २०१३

प्रिय गवीना,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तो अर्ज माझ्याच टेबलावर आला होता. खरं तर नातेवाइकाचा कागद म्हणून मी तो दुसऱ्याकडे सोपवायला हवा होता. सोपवला नाही, कारण मला तो मंजूर व्हायला हवा होता. अर्ज चांगला होता. त्यात एकच गोष्ट नव्हती, हद्दीचा नकाशा. कुंपण कुठून कुठे, फाटक कुठे. मी कचेरीचं पत्र पाठवलं: साठ दिवसांत नकाशा पाठवावा, पुढील कार्यवाही करता येईल. सोबत माझ्या हाताने एक चिठ्ठी घातली, 'काका, एवढं पाठवा, बाकीचं मी बघतो.'

साठ दिवस गेले. मी आणखी तीन महिने ती फाइल टेबलावर ठेवली. मग नियमाप्रमाणे बंद केली. रोमने अर्ज टोपलीत टाकला नाही, गवीना. रोम उत्तराची वाट बघत बसलं होतं, आणि ते रोम म्हणजे मी.

पुढच्या उन्हाळ्यात गावी आलो तेव्हा काकांना विचारलं. आम्ही धक्क्यावर उभे होतो. म्हणाले, "रेघ मारली की अर्धं गाव आत आणि अर्धं बाहेर. आतले मला देवासारखं मानतील, पण बाहेरचे? त्यांच्या मतांशिवाय मी निवडून येतो का?" मी गप्प बसलो. पुढे दहा वर्षं ते भाषणांतून 'रोमने आपल्याला नाकारलं' असं सांगत राहिले आणि मी गप्पच राहिलो. त्यांनी मला वाढवलं होतं. माझे शिक्षणाचे दिवस तुला आठवत असतील.

आता तुझ्याबद्दल. इथल्या सार्ड मंडळात, आपल्या बेटावरच्या लोकांच्या, आपल्याकडचं वर्तमानपत्र येतं. त्यात तुझा फोटो होता, प्रादेशिक विधिमंडळासाठी 'आपलं बेट'ची उमेदवार म्हणून. एवढी मोठी बातमी मला पेपरातून कळावी? अभिनंदन. तुझ्या दृष्टीने मी हे सगळं सांगायला फार वाईट वेळ निवडली, हेही कळतंय.

अंतिओको

&nbsp;

कालासिल्वा, १८ एप्रिल २०१३

दादा,

उत्तराला उशीर झाला. शोधत होते.

पक्षाच्या, बाबांच्याच नावाच्या सभागृहात मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. चावी राइमोंदाबाईंकडे असते. तीस वर्षं त्या शाखेचं टंकलेखन करत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, चावी दिली आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

तुझ्या कचेरीचं पत्र मिळालं. चिठ्ठी त्याला टाचलेली आहे. आणि खाली बंदराचा नकाशा आहे. बाबांनी त्यावर पेन्सिलने रेघ मारली होती. खोडली. पुन्हा मारली, कोळ्यांच्या खोपट्या आत घेऊन. खोडली. तिसऱ्यांदा त्या बाहेर ठेवून. तीही खोडली. एका जागी कागद इतका घासला गेलाय की उजेडाकडे धरला तर पलीकडचं दिसतं.

म्हणजे त्यांनी प्रयत्न केला होता. हे मी कोणासाठी लिहिते आहे, तुझ्यासाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

उमेदवारीचं तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास की पेट्रोलच्या नावावर मिळालेलं तिकीट आहे. तसंच आहे ते.

मला सांत्वन नको. यादी पाठव. आज नव्याने अर्ज करायचा तर काय काय लागेल, एकेक.

गवीना

&nbsp;

जेनोआ, २ मे २०१३

प्रिय गवीना,

यादी वेगळ्या कागदावर आहे. कायदा थोडा बदललाय, पण नकाशा अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे.

आता माझं ऐक. हे सगळं आता बोलू नकोस. पुढच्या फेब्रुवारीत निवडणूक आहे. निवडून ये, मग आतून काम कर. आत्ता बोललीस तर देइयाना तुला त्याच संध्याकाळी वगळेल आणि काकांचं नाव मातीत जाईल ते वेगळंच.

आणि बोलायचंच ठरवलंस तर असं सांग, की रोममधल्या एका अधिकाऱ्याने कागद अडवून ठेवला. नावही घे, माझंच घे. मी निवृत्त आहे, जेनोआत राहतो. मला कोणी काय करणार? सार्ड मंडळात चार जण माझ्याशी पत्ते खेळायचे बंद होतील. त्यांना तसंही खेळता येत नाही.

हे मी गमतीत लिहीत नाही. खरंच सांग.

अंतिओको

&nbsp;

कालासिल्वा, १० जून २०१३

प्रिय दादा,

काल सभा झाली. मिठागराच्या तिसऱ्या गोदामात, रविवारची प्रार्थना आटोपल्यावर, अकरा वाजता. सहाशे माणसं असतील, मागचे उभेच होते. देइयाना व्यासपीठावर, मी त्यांच्या उजव्या हाताला. त्यांनी अर्धा तास अख्खं बेट वाटलं. टाळ्या पडल्या. मग मला बोलावलं.

मी कागद काढला आणि तुझं १९९८ सालचं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून, जावक क्रमांकासकट. तुझी चिठ्ठीही वाचली. तुझं नाव घेतलं, पण तू सांगितलंस तसं नाही. म्हटलं, "हा माझा चुलतभाऊ. त्याने नकाशा मागितला. आम्ही पाठवला नाही. आम्ही म्हणजे माझे वडील, आणि त्यांच्यानंतर काहीही न तपासता तेच भाषण करणारी मी."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "हे पत्र खोटं आहे."

राइमोंदाबाई पहिल्या रांगेत होत्या. काठी टेकत उठल्या. "खोटं नाही," त्या म्हणाल्या. "मीच ते फाइलला लावलं होतं." आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, पण माइक जवळच होता, "पण तू हे वाचायला नको होतंस, गवीना. माणूस गेलाय तो." त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे पन्नास-साठ जण गेले. बाबांच्या वेळचे सगळे. मला प्रत्येकाचं नाव माहीत आहे.

देइयाना माझ्या कानाशी म्हणाले, "आता बसा. यापुढे आमच्या यादीत तुम्ही नाही." मी बसले नाही.

सिसिन्निओ म्हातारा उठला, खाजणात जाळी लावणारा. "म्हणजे पेट्रोल स्वस्त होणार नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"या मार्गाने कधीच नाही."

"मग मी सही कशावर केली?"

"माझ्या थापेवर," मी म्हटलं. "ती परत घ्यायची असेल तर फडकं ओलं करून देते, वहीतली खोडून टाका. पण आधी हे बघा." आणि नकाशा भिंतीवर लावला. तुझ्या यादीप्रमाणे काढलेला, शाईने. आठ गोदामं, धक्क्याचा उत्तरेकडचा भाग, एक फाटक.

सिसिन्निओ जवळ येऊन बोट फिरवत बघत राहिला. "आमच्या खोपट्या बाहेर आहेत."

"हो. आत घेतल्या तर रोज जाळं नेताना तुम्हाला कागद दाखवावे लागतील."

"आणि तुझी शेड?"

"तीही बाहेर."

तो वळला. "तुझी शेड तर गोदामांना लागून आहे. रेघ दहा पावलं सरकवलीस तर आत येईल."

"म्हणूनच बाहेर ठेवली."

सिसिन्निओने टोपी काढून डोकं खाजवलं, मग लोकांकडे तोंड करून म्हणाला, "हिचा बाप असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो. हिच्याशी काय भांडू?" लोक हसले. त्यानंतर दीड तास प्रश्न चालले, आणि एकही पेट्रोलचा नव्हता. भाडं किती, कामावर कोणाला घेणार, फाटक किती वाजता उघडणार, आमच्या पोरींना शिकवणार का.

हात वर करून मत घेतलं. बाजूने चारशे अकरा, विरुद्ध नव्वद. नगरपालिकेचा ठराव गुरुवारी आहे. नगराध्यक्ष आजवर कुंपणावर बसून होते, काल मतं मोजायला तेच पुढे होते.

सभागृहावरची बाबांच्या नावाची पाटी आज सकाळी कोणीतरी उतरवली. मी ती घरी आणली आहे. परत लावायची की नाही, ते माझ्या एकटीचं काम नाही.

तुझी गवीना

&nbsp;

जेनोआ, २५ जून २०१३

प्रिय गवीना,

पत्र वाचून मी उठून फिरून आलो. बंदरापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा वाचलं.

तुझी शेड बाहेर ठेवणं हा मूर्खपणा आहे. तुझ्या शेजारी कोणी आत बसून तीच गाभोळी वाळवायला लागला तर तो तुझ्यापेक्षा स्वस्त विकेल. हे तुला कळलेलं नाही असं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

नकाशा सोबत परत पाठवतोय. लाल शाईतल्या दुरुस्त्या माझ्या. फाटक तीन मीटर दाखवलंस, मोठा ट्रक वळणार नाही, पाच कर. तपासणीची खोली फाटकाच्या आत नको, बाहेरच्या अंगाला काढ. दक्षिणेच्या कोपऱ्यात रेघ पाण्यात जाते, तिथे खांब रोवता येणार नाही. शनिवारी बसून सगळं मापून काढलं, दोन तास लागले.

हे दोन तास १९९८ सालीही माझ्याकडे होते. मी तेव्हा स्वतः नकाशा काढून काकांच्या सहीसाठी पाठवू शकलो असतो. नियमाने मी बरोबर होतो, आणि दुसऱ्यांदा लिहू नये असं कुठल्याच नियमात नव्हतं. तू सभेत स्वतःचं नाव घेतलंस. माझं मी इथे घेतो.

अर्ज टपालाने नको, हाती दे, पोच घे, शिक्का बघून घे. कोणी पंधरा दिवसांत उत्तर दिलं नाही तर मला कळव. अशा माणसांना काय लिहायचं ते मला चांगलं ठाऊक आहे, मी त्यांच्यातलाच आहे.

तुझा अंतिओको

&nbsp;

कालासिल्वा, ७ जून २०१५

प्रिय दादा,

मधल्या दोन वर्षांत तुझ्याकडे अर्जांच्याच प्रती गेल्या, पत्र असं नाही. आज नीट लिहिते.

फेब्रुवारीच्या त्या निवडणुकीत देइयाना निवडून आले. आपल्या गावातून त्यांना फारशी मतं गेली नाहीत, पण गेली असती तरी मी तक्रार केली नसती. अजूनही अख्खं बेट करमुक्त करायचं भाषण करतात. मागच्या महिन्यात आमच्या फाटकाजवळ फोटो काढून गेले.

आणि मागच्या रविवारी नगराध्यक्षपदाचं मतदान झालं. पक्ष नाही, चिन्ह नाही, मी आणि आणखी अकरा जणांची यादी. सिसिन्निओने जाळी लावणारी मंडळी जमवली, माझ्या शेडमधल्या बायका घरोघर गेल्या. राइमोंदाबाईंनी आमच्यासाठी एक ओळही टाइप केली नाही, पण मतदान केंद्रावर मला बघून माझ्या कॉलरचं बटण लावून दिलं. "नगराध्यक्ष व्हायचंय ना, मग नीट राहा."

निकाल हा: आम्ही जिंकलो. आता यात तुला सांगायची गोष्ट वेगळी आहे. मतदानाची दोन केंद्रं असतात, एक मिठागराच्या बाजूला आणि एक खोपट्यांच्या बाजूला. खोपट्यांच्या बाजूचा एकही माणूस रेघेच्या आत नाही, कोणाला गोदाम नाही, फार तर पाच-सहा जणांच्या घरात तिथली नोकरी आली असेल. त्या केंद्रावर मला शंभरातली बहात्तर मतं पडली. मिठागराच्या बाजूला छप्पन्न. मी तो आकडा हातात घेऊन बराच वेळ शाळेच्या पायरीवर बसले होते. बाबांना दाखवायला हवा होता. ते म्हणाले असते, पुन्हा मोजा.

पाटी परत लागली आहे. लोकांनीच ठरवलं. खाली ते गेल्याचं साल आहे आणि तो अर्ज केल्याचंही साल आहे. बाकी काही लिहिलेलं नाही.

तुझं म्हणणं खरं ठरलं. चौथं गोदाम ओरिस्तानोच्या एका गाभोळीवाल्याने घेतलं. जाहीर सोडत होती, माझीही चिठ्ठी होती, निघाली नाही. पुढच्या सोडतीत पुन्हा टाकणार. तोवर मी इथल्याच खाजणातल्या माशाची गाभोळी तेवढी करते, कमी पण महाग. तो वाळवणाऱ्या बायका शोधत होता, त्याला मीच दोन जणी शिकवून दिल्या. माझ्या सातही जणी माझ्याकडेच आहेत, त्याने विचारूनही गेल्या नाहीत.

उद्या सकाळी नऊ वाजता पहिला ट्रक फाटकातून आत जाणार आहे. माल त्या ओरिस्तानोवाल्याचा आहे. कस्टमचे दोघे आजच येऊन खोली झाडून गेले. नगराध्यक्ष म्हणून फाटक मी उघडायचं आहे, आणि साडेआठलाच तिथे जाऊन उभी राहणार आहे.

तुझी गवीना